उशी पांढरी आहे

कल्पना करा, घरात नवा मोठा टीव्ही आलाय आणि त्याचे रंग नीट करायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय. हातात लिंबाएवढं एक यंत्र आहे, सेन्सर. त्याच्या एका टोकाला वायर, ती लॅपटॉपला जोडलेली. दुसऱ्या टोकाला काचेचा बारीक डोळा. खिडक्यांचे पडदे ओढून घ्या, दिवे बंद करा. टीव्ही अर्धा तास आधीच चालू करून ठेवा, कारण तोही माणसासारखाच असतो, उठल्या उठल्या त्याचा चेहरा खरा नसतो. आता सेन्सरचा डोळा टीव्हीच्या पडद्याच्या बरोबर मध्यावर टेकवा, वायर टीव्हीवरून मागच्या बाजूला सोडा. लॅपटॉप टीव्हीवर एक राखाडी चौकोन दाखवेल, मग त्याहून उजळ, मग आणखी उजळ, शेवटी पांढरा. दर वेळी लॅपटॉपवर तीन खांब उभे राहतील: लाल, हिरवा, निळा. तिन्ही एका उंचीला आले की पांढरा तो पांढरा. तुमच्या टीव्हीत निळा खांब हमखास छताला टेकलेला असणार. सेटिंगमध्ये जाऊन तो एकेक घर खाली आणा. घाई करू नका, एकाला खाली ओढलं की दुसरा रुसतो.

सगळं जमलं. सेन्सर काढलात, चार पावलं मागे सरून पांढऱ्या पडद्याकडे बघितलंत, आणि हे काय? पडदा पिवळट दिसतोय!

घाबरू नका. पडदा पिवळा झालेला नाही. इतके दिवस निळ्यालाच पांढरं म्हणायची सवय तुमच्या डोळ्यांना लागली होती. दोन दिवस जाऊ द्या, नजर सरावते.

"नजर सरावते." हे वाक्य मीटर रोज कुणाला ना कुणाला ऐकवायचा.

मीटर हे काही त्याचं नाव नव्हे. ते त्याला टीव्हीच्या शोरूममध्ये चिकटलं. तिथे त्याची नोकरी अशी, की सकाळी भिंतीवरचे सगळे टीव्ही चालू करायचे आणि प्रत्येकाचा रंग सगळ्यात भडक करून ठेवायचा. भडक असेल तो खपतो. गवत इतकं हिरवं की गाईनेही तोंड लावलं नसतं, आणि माणसं इतकी गुलाबी, जणू आत्ताच कुणीतरी दोन्ही गालांवर सणसणीत ठेवून दिलीय. टीव्ही त्याच थाटात गिऱ्हाइकाच्या घरी जायचा आणि जन्मभर तसाच राहायचा. एकदा कंपनीचा इंजिनिअर सेन्सर घेऊन आला आणि त्याने एक टीव्ही मोजून नीट केला. मीटरने खरा पांढरा रंग तेव्हा पहिल्यांदा बघितला. मग काय, खूळच लागलं. त्याने तसाच सेन्सर मिळवला, इंटरनेटवर बघून बघून शिकला, आणि शोरूममध्ये येईल त्याला "हा रंग खोटा आहे" असं सांगत सुटला. मालकाने त्याला कधी आणि कसं हाकललं हे वेगळं सांगायला नको.

तेव्हापासून तो घरोघर जाऊन टीव्हीचे रंग लावून द्यायचा. काम चोख. पण माणूस कसा, विचाराल तर त्याच्या बायकोला विचारा. तिने हौसेने बैठकीची भिंत पांढरी रंगवून घेतली, तर याने रंगारी घरात असतानाच भिंतीला सेन्सर लावला आणि म्हणाला, "गुलाबी आहे." रंगारी हसला. बायको दोन दिवस बोलली नाही. धाकटीने शाळेतून चित्र आणलं, "बाबा, कसं आहे?" तर म्हणे, "आकाश जरा जास्त निळं झालंय." पोरगी त्यानंतर चित्रं आईलाच दाखवायला लागली, तीही बाबा घरात नसताना.

"अहो, गोड बोलायला काय जातं तुमचं?" बायको म्हणायची.

"खरं ते खरं. मी का खोटं बोलू?"

"त्या यंत्राला निदान काचेचा का होईना, डोळा आहे. तुम्हाला नुसता काटा आहे."

कामाच्या बाबतीत त्याचे दोन नियम होते. पहिला, आवाजाला हात लावायचा नाही. कुणी म्हणालं, "आलाच आहात तर स्पीकरचंही बघा की," तर त्याचं उत्तर ठरलेलं, "आवाज माझं खातं नाही." दुसरा नियम त्याने स्वतः शोधून काढलेला. सगळं मोजून झालं की आकडे कुणाला दाखवायचे नाहीत. आकड्यांवर कुणाचा विश्वास बसत नाही, उलट लोक म्हणतात, अहो पिवळा झाला की हो. म्हणून तो म्हणायचा, "आता घरचा चेहरा लावा." लग्नाचा, बारशाचा, सहलीचा, कुठलाही व्हिडिओ, ज्यात रोजच्या ओळखीचं माणूस आहे. तो चेहरा पडद्यावर आला की घरातलं कुणीतरी हमखास पुटपुटायचं, "अगंबाई, अशीच दिसते ही!" मग पिवळ्याबद्दल कुणी चकार शब्द काढायचं नाही.

त्याची ही पद्धत एका ताईच्या कानावर कुठून गेली, कुणास ठाऊक.

ताई एका सकाळी त्याच्या घरी आली. मधल्या वयाची, केस घट्ट बांधलेले, खुर्चीच्या अगदी कडेवर बसलेली. "माझ्या भावाच्या टीव्हीचे रंग लावायचेत," ती म्हणाली. "वाढदिवस आहे त्याचा. माझ्याकडून भेट."

"कुठला टीव्ही आहे?"

"मोठा आहे. भिंत भरून. आणि भडक. माझी आई त्यात गुलाबासारखी दिसते."

"मग चांगलं आहे की," मीटरची बायको चहा ठेवता ठेवता म्हणाली.

"ती कावीळ होऊन गेली," ताई म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं, हिशेब मांडावा तसं, डोळ्यांत टिपूस न आणता. आई ताईकडे राहायची. भाऊ दुसऱ्या गावी. दर रविवारी ताई आईचा व्हिडिओ काढून भावाला पाठवायची आणि तो आपल्या टीव्हीवर लावून सगळ्यांसोबत बघायचा. आईचे डोळे पिवळे पडायला लागले तेव्हा ताईने कळवलं. भावाचं उत्तर आलं, "कुठे पिवळी? मस्त दिसतेय. तुला ना, रडायला कारणच लागतं." पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारी तेच. पित्ताची नळी बंद झाली होती. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात.

"आणि दिवसकार्याला," ताई म्हणाली, "सगळे जमलेले असताना भाऊ मला म्हणाला, घरात तू होतीस, तुला दिसलं नाही? मी म्हटलं, मी सांगत होते. तर त्याने टीव्ही लावला. सगळ्या नातेवाइकांना आईचे व्हिडिओ दाखवले. बघा म्हणाला, कुठे आहे पिवळी? टवटवीत आहे की नाही? मावशीने बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि उठून दुसऱ्या खोलीत गेली. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. माझा फोन आला की कुणीतरी सांगतं, झोपलीय. भर दुपारी झोपलीय, सकाळी झोपलीय. मावशी उठतच नाही."

मीटरची बायको नकळत खाली बसली.

"मला फक्त एवढंच हवंय," ताई म्हणाली, "त्याने एकदा, सगळ्यांसमोर, त्याच टीव्हीवर आईला पिवळी बघावी."

मीटरच्या बायकोने त्याच्याकडे असं बघितलं, की दुसरा कुणी असता तर कामाचं बोलायचंच विसरला असता. मीटरच्या मनात मात्र फक्त एक तांत्रिक शंका आली. "एक सांगून ठेवतो. टीव्ही नीट केला तरी व्हिडिओ जसा काढलाय तसाच दिसणार. तुमच्या खोलीतला दिवा पिवळा असेल, तर सगळंच पिवळं दिसेल. मग कावीळ कुठली आणि बल्ब कुठला, कळायचं नाही."

"उशी आहे ना," ताई म्हणाली. "आईच्या डोक्याखाली पांढरी उशी आहे."

मीटरला हे उत्तर इतकं आवडलं की तो हसला. इतकं नेमकं त्याला आजवर एकाही गिऱ्हाइकाने सांगितलं नव्हतं.

भावाचं घर सातव्या मजल्यावर होतं. दुपारची वेळ. भाऊ जाडजूड, मोठ्याने बोलणारा, मनाने वाईट नसलेला माणूस. ताईने वाढदिवसाची भेट आणली म्हणून तो दारातच विरघळला होता. "ये ये! म्हटलं नव्हतं मी, ताईचा राग फार दिवस टिकायचा नाही? रक्त आहे शेवटी." वहिनी मागे उभी होती, ओठ आवळून. कोचावर मावशी. मावशीने ताईकडे न बघता विचारलं, "हे कोण? डॉक्टर का? आता कशाला डॉक्टर?"

"टीव्हीचे डॉक्टर, मावशी," भाऊ म्हणाला.

"टीव्हीला बरा वेळेवर मिळाला हो डॉक्टर."

ताईने पर्स मांडीवर घेतली आणि दारापासच्या खुर्चीवर बसली. मीटरने पडदे ओढले.

काम सुरू झालं. निळा खांब छताला टेकलेला होताच, लाल त्याच्या मागोमाग. मीटर पडद्यासमोर मांडी घालून एकेक घर खाली उतरत गेला. भाऊ दर थोड्या वेळाने येऊन डोकावायचा. "अहो मीटरवाले, मजा घालवताय तुम्ही. आधी कसा झगझगीत होता! आमच्याकडे मॅच बघायला सगळी बिल्डिंग येते."

"आता खरी दिसेल."

"खरी कुणाला बघायचीय? खरी तर खिडकीतून दिसते."

वहिनी हसली. मावशीही हसली. मीटर हसला नाही. तो असल्या विनोदांना रोज तोंड देत होता आणि त्याला ठाऊक होतं की शेवटी त्याच्या हातात हुकमाचा एक पत्ता आहे.

सगळं मोजून झालं. त्याने सेन्सर काढून डबीत ठेवला. पांढरा पडदा बघून भाऊ ओरडला, "अरेरे! हा तर आजारी झाला!"

"नजर सरावते," मीटर म्हणाला. आणि मग, आवाजात जराही फरक न करता, "आता घरचा चेहरा लावा."

"लग्नाचा लावू?"

"आईचा लाव," ताई दारापासून म्हणाली. "रविवारचा. शेवटचा."

भावाने तिच्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर आधी संशय आला, मग एक प्रकारचा विजय. त्याला वाटलं असावं, ही आली, आता सगळ्यांसमोर कबूल करणार. "हो, लावू की. मी रोज बघतो तो," तो म्हणाला आणि फोनवरून त्याने व्हिडिओ टीव्हीवर टाकला.

आई पडद्यावर आली. उशीला टेकून बसलेली, खांद्यावर शाल, केसांची बारीक वेणी पुढे घेतलेली. भिंत भरून चेहरा. आणि तो चेहरा पिवळा होता. पिकून गळायला आलेल्या पानासारखा. डोळ्यांत जिथे पांढरं असायला हवं तिथे जर्द पिवळं, आणि ते पिवळे डोळे कॅमेऱ्याकडे बघून हसायचा प्रयत्न करत होते.

व्हिडिओत ताईचा हात पुढे आला. तिने अंगठ्याने आईच्या डोळ्याची खालची पापणी ओढली आणि कॅमेरा इतका जवळ नेला की पडद्यावर नुसता एक पिवळा डोळा राहिला.

"बंद कर," वहिनी म्हणाली.

भावाने बंद केलं नाही, जागच्या जागी थिजवलं. तो टीव्हीच्या अगदी जवळ गेला, मग मागे आला. "बिघडवलाय," तो म्हणाला. "याने टीव्ही बिघडवलाय. सगळंच पिवळं दिसतंय. आणि तिच्या खोलीत बल्ब पिवळा होता! ताई, तुझ्याकडे ते जुने पिवळे बल्ब आहेत की नाही? हो ना? अहो, तुम्ही सांगा, बल्बमुळे असं दिसतं की नाही?"

एवढा दांडगा माणूस, पण त्याने मीटरचा दंड एखाद्या पोरासारखा धरला होता. आता मीटरने खांदे उडवले असते तरी चाललं असतं. "असंही असू शकतं" म्हटलं असतं तरी कुणाचं काही बिघडलं नसतं. मावशी त्याच्याच तोंडाकडे बघत होती. त्याने रिमोट हातात घेतला, चित्र थोडं मागे नेलं, आईचं डोकं आणि त्यामागची उशी एकत्र दिसेल तिथे थांबवलं.

"बल्ब पिवळा असता तर उशी पिवळी दिसली असती," तो म्हणाला. "उशी पांढरी आहे."

भावाने उशीकडे बघितलं. मग तो टीव्हीखालच्या टेबलाचा आधार घेऊन फरशीवर बसला. "मी रोज बघायचो," तो म्हणत राहिला. "रोज बघायचो मी. रोज."

मावशी उठली. ताई ताठ बसली होती, जणू बोलावणं यायची वाट बघत. मावशी तिच्याजवळून गेली, पण थांबली नाही. भावाच्या समोर जाऊन तिने विचारलं, "मला दाखवलेलंस ना रे हे? याच खोलीत? मी माझ्या बहिणीला धडधाकट समजत बसले, आणि या पोरीला..." तिने हात उगारला, मग तो तसाच खाली सोडला आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

"पूर्वीसारखा करा," भाऊ फरशीवरून म्हणाला. "तो रंग परत आणा. आत्ताच्या आत्ता."

"आता कशाला?" ताई म्हणाली. तिच्या आवाजात काहीतरी इतकं गोड होतं, की वहिनीने कानावर हात ठेवले. "नजर सरावते ना. हो की नाही हो, मीटरवाले? आता लाव की रोज. पुन्हा लाव. सगळा लाव."

आणि तिने स्वतःच रिमोट उचलला आणि व्हिडिओ सुरुवातीपासून लावला.

भाऊ बघत होता. वहिनी बोटांच्या फटीतून बघत होती. ताई पडदा सोडून भावाकडे बघत होती. सगळ्यांचे डोळे कामाला लागले होते. मीटरने मात्र रंग केव्हाच तपासून संपवले होते; त्याच्या डोळ्यांना तिथे काही उरलं नव्हतं. म्हणून त्या खोलीत तो एकटाच ऐकत होता.

पडद्यावर ताईचा अंगठा आईची पापणी ओढत होता.

"अगं दुखतंय, सोड," आई म्हणत होती. आवाज बारीक, घशातल्या घशात. "फार खाज येते गं अंगाला. दवाखान्यात कधी न्यायचं मला?"

आणि कॅमेऱ्याच्या मागून, अगदी जवळून, ताईचा आवाज आला, "थांब जरा. आधी त्याला दिसू दे."

व्हिडिओ संपला. भावाने काही ऐकलं नव्हतं. तो त्या पिवळ्या डोळ्यात पुरता बुडाला होता. याआधीही, टवटवीत आई रोज बघताना, त्याने ते कधी ऐकलं नसावं. मीटरने तोंड उघडलं. कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं, कुणी काही विचारलं नव्हतं. त्याने वायर गुंडाळली, लॅपटॉप पिशवीत सरकवला आणि चपला घातल्या.

लिफ्टमध्ये ताई त्याच्याबरोबर आली. तिचे गाल तापले होते. कितीतरी वर्षांनी पोटभर जेवलेल्या माणसासारखी ती दिसत होती. "तुमचे उपकार कसे फेडू?" ती म्हणाली. "उशीचं तुम्ही काय बोललात! तिथेच संपला तो. तुम्हाला सांगू, तो अभ्रा मी मुद्दाम घातला होता. आधीचा फुलाफुलांचा होता, त्यात पिवळं नीट उठून दिसायचं नाही. मग कपाट उपसून पांढरा काढला."

मीटर तिच्याकडे बघत राहिला. तळमजला आला, दार उघडलं, आणि ती "बरं, येते हं" म्हणून भराभरा चालत गेली. फाटकापाशी तिने कुणालातरी फोन लावलेला दिसला. तिचं हसणं त्याला लिफ्टपर्यंत ऐकू आलं.

घरी बायकोने विचारलं, "झालं काम?"

"झालं."

"मग? तिला हवं ते मिळालं?"

"मिळालं."

"आणि भावाचं?"

तो त्या भिंतीकडे बघत बसला, जिला तो इतके दिवस गुलाबी म्हणत आला होता. धाकटी आतून चित्राची वही घेऊन बाहेर आली, त्याला बघून दारातच वळली आणि परत आत गेली.

भावाचा त्यानंतर एकदाच फोन आला, तो पडदा पुन्हा भडक कसा करायचा ते विचारायला. मीटरने सांगितलं: सेटिंगमध्ये जा, चित्राचा प्रकार बदला, पहिलाच पर्याय. भाऊ म्हणाला, "तसं केलं हो. पण तरी पिवळीच दिसते." मीटरच्या ओठांवर आलं होतं, साहेब, एकदा डोळे मिटून नुसतं ऐका. पण आवाज त्याचं खातं नव्हतं. त्याने फोन ठेवला.

ताईचा नंबर त्याच्याकडे आहे. ती अधूनमधून गिऱ्हाइकं पाठवते, फार कौतुकाने पाठवते. दर वेळी तिचा फोन आला की तो विचारायचं ठरवतो, आणि दर वेळी पत्ता लिहून घेऊन "बरं ताई" म्हणतो. प्रश्न तसा साधा आहे, नवशिक्यालाही पडेल असा. भावाच्या आणि आईच्या मध्ये एक भडक पडदा होता, मान्य. पण ताई, तुमच्या आणि आईच्या मध्ये तर काहीच नव्हतं. तुम्हाला पहिल्या दिवसापासून दिसत होतं. मग कपाट उपसून पांढरा अभ्रा शोधलात, त्याच दुपारी तिला रिक्षात का नाही बसवलंत?